संगणकावरील 'सराऊंड साऊंड' : मुके स्पीकर आणि हरवलेले संवाद

चित्रपट सुरू होतो, पार्श्वसंगीताने खोली दणाणते, पण पात्रे काय बोलतात ते मात्र ऐकू येत नाही. घरातील ज्येष्ठ मंडळी आवाज वाढवायला सांगतात. तो वाढवला की संगीत असह्य होते आणि संवाद होते तिथेच राहतात. मग कुणाच्या कानांत दोष आहे यावर चर्चा सुरू होते. नौपाड्यातील आमच्या शेजारच्या घरात ही चर्चा महिनाभर चालली. आजोबांचे कान तपासून झाले, नवीन साऊंड कार्डाची किंमत विचारून झाली. प्रत्यक्षात दोष होता संगणकातील एका खुणेत. संगणकाला दोनच स्पीकर जोडलेले होते आणि विंडोजमध्ये मात्र '५.१' ही मांडणी निवडलेली होती.

हे कसे घडते, ते समजून घेतले तर निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात. ५.१ म्हणजे पुढचे डावे-उजवे, मधला, मागचे डावे-उजवे असे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. चित्रपटाचे ध्वनिमुद्रण करताना संवाद प्रामुख्याने मधल्या चॅनेलवर ठेवले जातात. संगणकाला असा स्पीकर आहे असे सांगितले आणि तो प्रत्यक्षात नसला, की संवाद त्या रिकाम्या वाटेने निघून जातात. मांडणी 'स्टिरिओ' केली की तेच संवाद पुढच्या दोन स्पीकरांत मिसळले जातात.

याच्या उलट तक्रार अधिक प्रमाणात आढळते : पाचही स्पीकर आहेत, पण मागचे दोन मुके. येथे प्रथम कंट्रोल पॅनेलमधील 'साऊंड' उघडावे, 'प्लेबॅक'मध्ये आपले उपकरण निवडून 'कॉन्फिगर' करावे व ५.१ निवडून चाचणी घ्यावी. या चाचणीत प्रत्येक स्पीकर स्वतंत्रपणे वाजतो, म्हणून तिचे महत्त्व मोठे. सर्व स्पीकर आपापल्या जागी वाजले, तर तारा व यंत्रणा निर्दोष आहेत. दोष चित्रफितीत किंवा ती वाजवणाऱ्या प्रणालीत शोधावा. एखादा वाजला नाही, तर संगणकाच्या पाठीमागे जावे.

तेथे रंग पाहावेत. हिरवे छिद्र पुढच्या स्पीकरांचे, काळे मागच्यांचे, नारिंगी मधल्या स्पीकरचे व सबवूफरचे. अनेक मदरबोर्डांवर हिरवे, निळे, गुलाबी अशी तीनच छिद्रे असतात. अशा वेळी निळे मागच्या स्पीकरांसाठी आणि गुलाबी मधला व सबवूफर यांच्यासाठी वापरता येते, पण ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये तसे सांगावे लागते. न सांगितल्यास गुलाबी छिद्र मायक्रोफोनचीच वाट पाहत राहते. मधल्या स्पीकरमधून घुमणारा खर्ज आणि सबवूफरमधून पुटपुटणारे संवाद ऐकू आले, तर दोन्ही चॅनेल उलटे झाले आहेत असे समजावे. ते बदलण्याची सोय बहुधा त्याच पॅनेलमध्ये असते.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर मुक्या स्पीकरची तार वाजणाऱ्या स्पीकरच्या जागी लावून पाहावी. मौन स्पीकरबरोबर गेले तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा, जागेवरच राहिले तर अॅम्प्लिफायरचा वा कार्डाचा. पाच मिनिटांची ही परीक्षा न करता नवे कार्ड घेणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी होय.

ऑप्टिकल केबल वापरणाऱ्यांचा गोंधळ वेगळाच. चित्रपट पाच स्पीकरांतून वाजतो आणि गेम मात्र दोनच स्पीकरांतून. या केबलमधून साधा, न आवळलेला ध्वनी दोन चॅनेलपुरताच जातो. सहा चॅनेल हवे असतील तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या आवळलेल्या रूपात पाठवावे लागतात. डीव्हीडीवर ते तसे तयारच असतात, म्हणून 'पास-थ्रू' चालू केल्यास चित्रपट वाजतो. गेमचा ध्वनी त्या क्षणी तयार होतो. तो आवळण्यासाठी कार्डात 'डॉल्बी डिजिटल लाइव्ह' किंवा 'डीटीएस कनेक्ट' असावे लागते. एचडीएमआयने थेट अॅम्प्लिफायर जोडल्यास ही अडचण उरत नाही. ब्लूटूथवरून मात्र नेहमीच्या पद्धतीने दोनच चॅनेल येतात, तेथे फार आशा धरू नये.

मूळ मुद्रणच दोन चॅनेलचे असेल, तर मागचे स्पीकर गप्प राहणे हा दोष नव्हे. साधी ऑडिओ सीडी स्टिरिओच असते आणि नाट्यसंगीताची जुनी मुद्रणे तर एकाच चॅनेलची. 'स्पीकर फिल'सारख्या सोयीने ती पाचही स्पीकरांतून वाजवता येतात. प्रस्तुत लेखकाला तो खटाटोप रुचत नाही. गायक समोर बसलेला बरा, पाठीमागून गाऊ लागला तर दचकायला होते.

नौपाड्यातील जुन्या इमारतींत आणखी एक तक्रार ऐकू येते, ती सततच्या घुमघुमाटाची. अशा घरांतील वायरिंग जुने असते व अर्थिंग कधी नसतेच. संगणकाच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या आल्या, तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा. तो प्रश्न ध्वनीचा नसून सुरक्षिततेचा आहे. टीव्हीची केबल काढताच गुणगुण थांबली, तर ती केबल आणि विजेचे सॉकेट अशा दोन वाटांनी जमिनीशी जोडणी होत आहे. उपाय म्हणून प्लगची तिसरी पिन कापणारे महाभाग आहेत. तसे कदापि करू नये.

आणि शेजाऱ्यांचे काय? ठाण्यातील डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणासंबंधी विस्तृत निकाल दिला, तो मुख्यतः सार्वजनिक गोंगाटाबाबत. परंतु ध्वनिप्रदूषण नियम, २००० हे घरातील यंत्रणेलाही लागू आहेत. निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. खासगी यंत्रणेचा आवाज जागेच्या सीमेवर याहून ५ डेसिबलपेक्षा अधिक वाढता कामा नये. सबवूफरचा खर्ज भिंतीतून सहज पलीकडे जातो. तो भिंतीपासून व कोपऱ्यातून दूर ठेवावा आणि रात्री त्याची पातळी उतरवून मधल्या स्पीकरची चढवावी. ड्रायव्हरमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' असल्यास तेही चालू करावे; संवाद आजोबांना ऐकू जातात आणि स्फोट खालच्या मजल्यापर्यंत पोहोचत नाहीत.