समुद्राकडे जाणारी वाट



दर मंगळवारी सकाळी सहा वाजता आम्ही दहाबारा जणी अश्दोदच्या किनाऱ्यावर चालायला जातो. बहुतेक आपल्याच समाजातल्या, साठी ओलांडलेल्या. नोकरीत असताना पेशंटना "चाला, चाला" म्हणून मी आयुष्यभर सांगितलं. निवृत्त झाल्यावर माझीच शुगर वाढली आणि तेच स्वतःला सांगायची पाळी आली. एक मैत्रीण सोबत आली, तिने नणंदेला आणलं, असा हा गट जमला.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही नेहमीच्या वाटेने खाली उतरायला गेलो, तर समोर लोखंडी फाटक, त्याला कुलूप आणि 'खाजगी जागा' अशी पाटी. फाटक कोणी लावलं ते इथे लिहीत नाही. वळसा घालून जायचं तर दीड किलोमीटर जास्त. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या मावशी तेव्हा ८१ वर्षांच्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, नव्याचा सण आला की ताश्लिखला आपण इथूनच उतरतो. आता मी काय करू? घरी बादलीत पाणी घेऊन बसू?"

आम्ही हसलो, पण प्रश्न खरा होता. ही वाट कोणाची? त्या निमित्ताने मी वाचायला लागले. जे कळलं ते आज लिहिते.

या देशाला भूमध्य समुद्राचा किनारा जेमतेम १९० किलोमीटरचा. त्यातून बंदरं, वीजकेंद्रं आणि लष्कराच्या जागा वजा करा. आमच्या अश्दोदचंच बघा. शहर १९५६ साली वसलं, बंदर १९६५ साली सुरू झालं. बंदर आणि एश्कोल वीजकेंद्र, दोन्ही शहराच्या उत्तर टोकाला, तिथे चालत जाता येत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. बंदरामुळे आपल्या कितीतरी लोकांना काम मिळालं. पण एवढं वजा केल्यावर जो किनारा उरतो, तो तरी सगळ्यांचा राहायला हवा.

कायदा तसंच म्हणतो. १९६९च्या जमीन कायद्यात समुद्रकिनारा सार्वजनिक वापराच्या जमिनीत धरला आहे. हिवाळ्यातल्या नेहमीच्या भरतीला लाटा जिथपर्यंत पोचतात, तिथपर्यंत किनारा, अशी त्याची व्याख्या आहे. १९८३ साली किनाऱ्यासाठी राष्ट्रीय आराखडा मंजूर झाला, त्याला इथे 'तामा १३' म्हणतात. पाण्यापासून १०० मीटरच्या आत बांधकाम नको, असं त्यात ठरलं. तरीही बांधकामं होत राहिली. हैफाला गेलात तर कार्मेल किनाऱ्यावर पाण्याला लागून उंच इमारती दिसतील. मंजुरी पर्यटकांच्या मुक्कामासाठी घेतली होती, विकली मात्र राहती घरं म्हणून. 'आदाम तेवा वादीन' ही पर्यावरणासाठी कोर्टात लढणारी संस्था त्याविरुद्ध उभी राहिली. पण उभी इमारत पाडणं किती कठीण असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या इमारती आजही आहेत.

हे बघूनच पुढे २००४ साली क्नेसेतने किनारी पर्यावरण रक्षणाचा कायदा केला. पाण्यापासून जमिनीकडे ३०० मीटरपर्यंतचा पट्टा त्याने संरक्षणाखाली आणला, आणि पहिल्या १०० मीटरचे नियम आणखी कडक केले. आमच्यासारख्या चालणाऱ्यांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, किनाऱ्याच्या लांबीने मोकळेपणी चालत जाण्याचा जनतेचा हक्क या कायद्यात आला. नवीन योजना तपासण्यासाठी एक समितीही नेमली गेली.

पण आधी मंजूर झालेल्या योजनांचं काय? तिथेच पालमाखिमची गोष्ट येते. पालमाखिम अश्दोदच्या उत्तरेला, सोरेक नदीच्या मुखाच्या बाजूला. मऊ वाळू, खडकाचे कडे, जुन्या याव्ने-यामचे अवशेष. त्या किनाऱ्यावर सुट्टीचं गाव बांधायची योजना नव्या कायद्याच्या आधीची होती, त्यामुळे कागदोपत्री ती चालत होती. २००८ साली तिथे कामासाठी कुंपण पडलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं. पहिला आवाज उठवणाऱ्यांत शाळेत शिकणारी एक मुलगी होती. तरुणांनी वाळूत तंबू ठोकले, सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, पर्यावरण संस्था सोबत आल्या. शेवटी २०१० साली सरकारने ती योजना रद्द केली. आज तुम्ही मुलाबाळांना घेऊन तिथे जाता, तेव्हा एवढं लक्षात ठेवा की कायदा तिथे उशिरा पोचला होता. आधी तिथे माणसं पोचली.

आपल्या समाजाला हे नवीन नाही. १९६२च्या रब्बीनेटच्या सूचनांनुसार लग्नाच्या वेळी आपल्या लोकांच्या वंशाची चौकशी व्हायला लागली. आपण या देशाचे नागरिक होतो, मतदान करत होतो, सैन्यात जात होतो, तरी. १९६४च्या उन्हाळ्यात आपले लोक, बायकामुलांसकट, जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. त्यानंतर क्नेसेतने ठराव करून सांगितलं की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत. हक्क होताच, पण तो मागायला जाऊन बसावं लागलं.

आणि समुद्रकिनारा तर आपल्या गोष्टीच्या सुरुवातीलाच आहे. आपले वाडवडील सांगत आले की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि जे बुडाले त्यांना तिथेच पुरलं. इथून भारतात जाणारे आपले लोक आजही ती जागा बघायला जातात. त्याच भागात, जवळच्या किहीमला, एका फरारी हिरे व्यापाऱ्याचा मोठा बंगला होता. किनाऱ्याचे नियम मोडून बांधलेला म्हणून मार्च २०१९ मध्ये तो सुरुंग लावून पाडला. भारतात भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामावर १९९१ पासून नियम आहेत. म्हणजे तिथेही कायदा होता, तरी बंगला उभा राहिलाच.

आता आमच्या फाटकाकडे येते. इथे एक बारीक गोष्ट कळली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. २००४चा कायदा पाण्याच्या कडेने चालण्याबद्दल स्पष्ट बोलतो. पण वरच्या रस्त्यावरून खाली उतरणारी वाट सार्वजनिक आहे की नाही, हे शहराच्या आराखड्यात, म्हणजे 'तबा'मध्ये, बघावं लागतं. तो आराखडा कोणालाही बघता येतो. आम्ही बघितला. वाट त्यात सार्वजनिक म्हणून दाखवली होती.

मग १०६ नंबरवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवला, कुलपाचा फोटो तारखेसकट काढला. माझ्या नातीने छान हिब्रूत पत्र लिहून दिलं, आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसरं पाठवलं. दर मंगळवारी सकाळी आम्ही त्या फाटकापाशीच जमायचो, नवीन फोटो काढायचो आणि मग वळसा घालून जायचो. सहाव्या मंगळवारी कुलूप नव्हतं. फाटक अजून तिथेच आहे, उघडं.

रोश हशानाच्या पहिल्या दिवशी दुपारी मावशी त्याच वाटेने खाली उतरल्या. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. प्रार्थना झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी पण इथूनच यायचं हं. रोज कोणीतरी चाललं पाहिजे इथून, नाहीतर परत लावतील कुलूप."

तेव्हापासून आम्ही ती वाट सोडलेली नाही. तुमच्या गावात, अश्केलोनला, नाहारियाला, कुठेही समुद्राकडे जाणारी वाट बंद दिसली तर आधी 'तबा' बघा, मग १०६ ला फोन करा. आणि अश्दोदला असाल तर मंगळवारी सकाळी सहाला या. चहाचा थर्मास आमच्याकडे असतो.