पोटभर भाकरीचा हिशेब

श्रोतेहो, "दूध प्या, अंडी खा, म्हणजे अंग धरेल," हा सल्ला गावोगाव ऐकू येतो. मुंबईच्या उपनगरात, गोरेगावाजवळ, १९४९ साली आरे दुग्धवसाहत उभी राहिली ती शहराला चांगले दूध मिळावे म्हणून. काम मोलाचेच. पण ज्याला दूध परवडत नाही, त्याने काय करावे?

१९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने तर जगावर प्रथिनांचे संकट येत असल्याचा इशारा दिला. हा समज तपासून पाहिला सातारा जिल्ह्यातील बुध गावच्या डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. १९५१ ते १९७० ते रोमला अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहत होते. त्यांनी आकडेच मांडले. डाळ-भाकरी पोटभर मिळाली, तर प्रथिनेही बहुधा पुरतात. पोट अर्धे राहिले, तर मात्र शरीर प्रथिनेच जाळते. सरपण संपले म्हणून घराचे वासे चुलीत घालावेत, तसे! १९७३ साली जागतिक तज्ज्ञ समितीनेही प्रौढांची प्रथिनांची गरज पूर्वीपेक्षा कमी धरली.

म्हणून दूध-अंडी वाईट, असे नव्हे. लहान मुलांचे पोट लहान; त्यांना थोडेथोडे, वारंवार आणि तेलातुपाचे द्यावेच लागते. पण गुरुजी, वर्गातले पोर सुकलेले दिसले, तर "अंडी का खात नाहीस?" असे विचारू नका. "आज जेवलास का, आणि किती?" हे आधी विचारा.