जाळायची विमाने वाचवली आणि समुद्रात गमावली : ‘ग्लोरिअस’ची शोकांतिका

१/ जून १९४०. डंकर्कची माघार नुकतीच संपली होती आणि साऱ्या जगाचे डोळे फ्रान्सकडे लागले होते. त्याच आठवड्यात दूर उत्तरेला, नॉर्वेतूनही दोस्त सैन्य गुपचूप माघार घेत होते. या माघारीत ब्रिटनने एक विमानवाहू युद्धनौका, दोन विनाशिका, हवाई दलाची २० लढाऊ विमाने आणि १,५१९ माणसे गमावली. त्यातून उसळलेला रोष अर्धशतकानंतरही शमला नव्हता. त्या रोषाची ही कहाणी.

२/ पार्श्वभूमी अशी. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. २८ मे रोजी दोस्त सैन्याने नार्विक बंदर जिंकले खरे. परंतु तोवर फ्रान्स कोसळू लागला होता. नॉर्वेतील फौजेची गरज आता घराजवळ होती. म्हणून जिंकलेले नार्विक सोडून सुमारे २४,५०० सैनिकांना समुद्रमार्गे परत आणण्याचे ठरले.

३/ या फौजेवर आकाशात छत्र धरले होते ते दोन स्क्वाड्रननी : ४६ क्रमांकाची हरिकेन विमाने आणि २६३ क्रमांकाची ग्लॅडिएटर विमाने. त्यांचा तळ होता बार्डुफॉस. हरिकेनचा पल्ला ब्रिटनपर्यंत पोहोचण्याइतका नव्हता. त्यामुळे आज्ञा आली : विमाने जाळून टाका आणि जहाजाने परत या.

४/ ४६ स्क्वाड्रनचे प्रमुख केनेथ क्रॉस यांना हे मान्य होईना. ब्रिटनला एकेक हरिकेन मोलाचे होते. त्यांनी विमाने ‘ग्लोरिअस’ या विमानवाहू नौकेवर उतरवू देण्याची परवानगी मागितली. अडचण अशी, की जहाजावर उतरताना विमानाला अडवून धरणारा आकडा हरिकेनला नव्हताच. वैमानिकही जहाजावर उतरण्यासाठी प्रशिक्षित नव्हते.

५/ त्यावर युक्ती निघाली. शेपटीकडच्या भागात सुमारे सहा किलोंची वाळूची पिशवी ठेवायची, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी विमान नाकावर कोलमडणार नाही. ७ जूनच्या संध्याकाळी पॅट्रिक जेम्सन यांच्या नेतृत्वाखाली पहिली तीन विमाने सुखरूप उतरली. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात उरलेली सातही उतरली. १० ग्लॅडिएटरही आली. एकाही विमानाची हानी झाली नाही.

६/ ८ जूनच्या पहाटे ‘ग्लोरिअस’ मुख्य ताफ्यापासून वेगळी झाली आणि ‘आर्डंट’ व ‘अ‍ॅकॅस्टा’ या दोनच विनाशिका सोबत घेऊन स्कापा फ्लोच्या दिशेने निघाली. दिवस लख्ख होता. तरीही टेहळणीसाठी एकही विमान आकाशात नव्हते आणि डोलकाठीवर पहारेकरी नव्हता. १८ पैकी १२ बॉयलरच पेटते होते.

७/ दुपारी जर्मनीच्या ‘शार्नहॉर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’ या प्रचंड युद्धनौकांना धूर दिसला. साडेचारच्या सुमारास तोफा धडाडल्या. सुमारे २४ किलोमीटर अंतरावरून आलेला गोळा धावपट्टी भेदून खालच्या हँगरमध्ये फुटला. आग भडकली, विमान उडवण्याची शक्यता संपली. दोन तासांच्या आत तिन्ही जहाजे तळाशी गेली.

८/ विनाशिका पळाल्या नाहीत. त्यांनी धुराचा पडदा उभारला आणि आपल्याहून कितीतरी मोठ्या शत्रूवर चाल केली. ‘अ‍ॅकॅस्टा’च्या पाणतीराने ‘शार्नहॉर्स्ट’ला मोठे भगदाड पाडले. जखमी जहाज घेऊन जर्मन ताफा ट्रॉन्डहाइमला वळला. मागून येणारी सैनिकांची जहाजे सुखरूप राहिली, त्यात या बलिदानाचा वाटा होता.

९/ सुमारे ९०० माणसे जिवंतपणी पाण्यात उतरली होती, असे मानले जाते. मात्र मदत आली नाही. गोठवणाऱ्या थंडीत, तराफ्यांवर, सुमारे तीन दिवसांनंतर जेमतेम ४० जण वाचले. विमाने घेऊन आलेल्या २० वैमानिकांपैकी दोघेच उरले : क्रॉस आणि जेम्सन. विमाने जाळण्याची आज्ञा पाळली गेली असती, तर बाकीचे १८ जण कदाचित सैनिकांच्या जहाजांतून घरी पोहोचले असते.

१०/ आता रोषाकडे. कुटुंबीयांचा प्रश्न साधा होता : इतके मोलाचे जहाज जवळजवळ एकटे का धाडले? नौदल खात्याचे उत्तर होते, इंधन कमी होते. रिचर्ड स्टोक्स या खासदारांनी संसदेत हा विषय लावून धरला. १९४६ मध्येही सरकारने इंधनाचेच कारण सांगितले. खुद्द चर्चिल यांनी आपल्या युद्धविषयक ग्रंथात हे कारण पटण्याजोगे नसल्याचे नमूद केले.

११/ मग कारण कोणते? कर्णधार गाय डॉयली-ह्यूज हे पहिल्या महायुद्धातील पाणबुडीचे शूर अधिकारी. विमानांचा अनुभव मात्र तोकडा. एका हल्ल्याच्या आज्ञेवरून जहाजावरील विमानविभागाचे प्रमुख हीथ यांच्याशी त्यांचा तीव्र वाद झाला. हीथ यांना स्कापा फ्लोला उतरवून त्यांच्यावर कोर्ट मार्शलची तयारी सुरू झाली. त्या खटल्याच्या तयारीसाठी पुढे जाऊ द्यावे, अशी विनंती कर्णधारांनी केल्याचे पुढे उजेडात आले. त्यांना स्वतःची बाजू मांडता आली नाही. तेही जहाजासोबत गेले.

१२/ पण सारा दोष एका माणसावर टाकून भागत नाही. ब्लेचली पार्कमध्ये हॅरी हिन्स्ली या २१ वर्षांच्या तरुणाने जर्मन बिनतारी संदेशांच्या हालचालींवरून मोठी जहाजे बाहेर पडत असल्याचा इशारा दिला होता. नौदल खात्याने तो मनावर घेतला नाही. ‘डेव्हनशायर’ या क्रूझरला ‘ग्लोरिअस’चा अस्पष्ट संदेश मिळाला होता. पण त्या जहाजावर नॉर्वेचे राजे हाकोन होते. त्यांच्या सुरक्षेसाठी मौन पाळले गेले आणि तो संदेश पुढे कोणालाच कळवला गेला नाही.

१३/ जानेवारी १९९९ मध्ये, म्हणजे ५८ वर्षांनंतरही, ब्रिटिश संसदेत यावर चर्चा झाली. युद्धात विमाने आणि जहाजे जातात, हे त्या कुटुंबांनाही ठाऊक होते. वैमानिकांनी अशक्य वाटणारी कामगिरी करून जे वाचवले, ते वरिष्ठांच्या निष्काळजीपणाने बुडाले आणि त्यावर न पटणाऱ्या कारणाचे पांघरूण घातले गेले, ही त्यांची खरी तक्रार होती. इंधनाचे कारण १९४० मध्येच बाजूला ठेवून सरळ उत्तर दिले गेले असते, तर शोक उरला असता. रोष मात्र इतकी वर्षे जगला नसता.