कर्ज बँकेचे, हंगाम भाडेकरूचा

धाराशिव जिल्ह्यातील सहकारी साखर कारखानदारीच्या इतिहासात कारखाने कसे उभे राहिले याइतकेच त्यांची कर्जे कशी थकली हे प्रकरणही महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात रूढ झालेल्या सूत्रानुसार नव्या कारखान्याच्या खर्चापैकी सुमारे 10 टक्के रक्कम सभासदांच्या भागांतून, 30 टक्के शासकीय भागभांडवलातून आणि उरलेली कर्जातून उभी राहत असे. या कर्जाला अनेकदा राज्य शासनाची थकहमी, म्हणजे कारखान्याने पैसे न भरल्यास ते आपण भरू अशी शासनाने पत्करलेली जबाबदारी, मिळत असे. हंगामाचा खर्च मात्र मालतारण कर्जावर चाले. गोदामातील साखरेच्या पोत्यांवर बँक पैसे देई आणि साखर विकली की दर क्विंटलमागे ठरलेली रक्कम कापून घेई, जिला कारखानदारीत टॅगिंग म्हणतात. गाळप थांबले की साखर नाही, साखर नाही म्हणजे कपातही नाही, आणि व्याज मात्र वाढतच राहते.

ढोकीचा तेरणा आणि नळदुर्गचा तुळजाभवानी हे दोन कारखाने याच चक्रात सापडले. त्यांच्या थकबाकीचा भार ज्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेवर पडला, तिचे पैसे 2002 मध्ये उघडकीस आलेल्या होम ट्रेड या दलाली कंपनीच्या रोखे प्रकरणातही अडकले होते. त्यामुळे बुडीत कर्ज सोसण्याची तिची ताकद आधीच उणावलेली होती. त्यातच 2012 पासूनच्या दुष्काळांनी जिल्ह्यातला ऊस घटवला.

बँकांच्या हाती 2002 च्या सरफेसी कायद्याने एक साधन आले. कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावता, तारण मालमत्तेचा ताबा घेण्याचा अधिकार या कायद्याने दिला. ताब्याची सूचना मालमत्तेवर ठळक जागी चिकटवावी लागते आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील पत्रात, प्रसिद्ध करावी लागते. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये तो लागू असल्याचे ठरवून मिटवला, आणि तो खटला कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेचा होता. मात्र ताबा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. उसाचे शिवार आटलेले, बॉयलर गंजत चाललेला आणि ज्याचे देणे कायद्याने इतर देण्यांच्या आधी येते तो कामगारांचा भविष्य निर्वाह निधी थकलेला असला, की अशा कारखान्याला मनाजोगा ग्राहक मिळणे अवघडच असते.

अशा वेळी इतरत्र शासनाने खासगी गुंतवणूकदाराला सोबत घेऊन कर्जच विकत घेतल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेने मार्च 2009 मध्ये अशी योजना जाहीर केली, ज्यात सरकार आणि खासगी निधी यांनी भांडवल घालावे व बाकीच्या कर्जाला सरकारी हमी असावी असे ठरले. भारतात 2021 मध्ये थकीत कर्जे विकत घेणारी नॅशनल ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. ती बँकेला किमतीच्या 15 टक्के रोख आणि उरलेल्यासाठी प्रतिभूती पावत्या, म्हणजे वसुली होईल तसे पैसे देणारी रोखपत्रे, देते, ज्यांना केंद्राने 30,600 कोटी रुपयांपर्यंत हमी दिली. ही कंपनी मोठ्या बँकांच्या मोठ्या कर्जांसाठी होती. ढोकीच्या कारखान्याला तिचा उपयोग नव्हता.

धाराशिवात निराळाच मार्ग निघाला. तेरणा कारखाना भैरवनाथ शुगरला 25 वर्षांच्या भाडेकराराने देण्याचे ठरले, निविदेवरून कायदेशीर वाद झाला आणि दीर्घकाळ बंद राहिलेले धुराडे पुन्हा पेटले. कर्ज बँकेकडेच राहिले, मालकी कागदोपत्री सभासदांकडे राहिली आणि खासगी भागीदाराला मिळाला तो गाळपाचा हंगाम. या मार्गाचा गुण असा की कारखाना भंगारात गेला नाही आणि ऊस दूरच्या कारखान्यांकडे पाठवण्याची सक्ती कमी झाली. दोष असा की थकीत कर्जाची खरी किंमत कधीच ठरली नाही आणि बँकेची वसुली भाड्याच्या हप्त्यांत पांगली. विक्रीत नुकसान एकदाच दिसते, भाडेकरारात ते पंचवीस वर्षे हिशेबात लपून राहू शकते. म्हणून मिळालेले भाडे कोणत्या खात्यावर जमा झाले, मुद्दलात किती आणि व्याजात किती गेले, हे सभासदांनी दर वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.