हॅम रेडिओच्या अँटेनावर बसलेल्या पक्ष्याला शॉक बसतो का?

ज्यांचं लहानपण दूरदर्शनच्या काळात गेलं त्यांना हा प्रसंग वेगळा सांगायला नको. टीव्हीवर छायागीत रंगात आलंय आणि अचानक पडद्यावर मुंग्या! कुणीतरी गच्चीवर धावतं, तर अँटेनावर कावळा निवांत बसलेला. 'हुश्श' केलं की कावळा उडतो आणि चित्र परत येतं.

तो माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना म्हणजे यागी अँटेना. जपानमधल्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो १९२६ च्या सुमारास जगापुढे आणला. केबल आणि डिश आल्यावर तो आपल्या गच्च्यांवरून गेला. पण काही घरांवर त्याचाच थोराड भाऊ अजून दिसतो. ही घरं हॅम मंडळींची, म्हणजे सरकारी परवाना काढून स्वतःच्या रेडिओ सेटवरून देशोदेशीच्या लोकांशी बोलणाऱ्या हौशी मंडळींची.

फरक एवढाच की टीव्हीचा अँटेना फक्त लहरी पकडायचा, हॅमचा अँटेना लहरी सोडतोही. मग सेटवर बोलणं चालू असताना वर बसलेल्या साळुंकीचं काय होत असेल?

'विजेच्या तारेवर पक्ष्याला शॉक का बसत नाही' याचं उत्तर आपण शाळेत शिकलोय. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि जमिनीशी किंवा दुसऱ्या तारेशी संबंध नसतो. त्यामुळे विजेला त्याच्या अंगातून जायला वाटच मिळत नाही. बरेच जण हेच उत्तर रेडिओच्या अँटेनालाही लावतात. पण तिथे ते अर्धंच खरं आहे.

घरातली वीज सेकंदाला ५० वेळा आलटून पालटून वाहते. हॅम मंडळींचा एक लाडका बँड १४ मेगाहर्ट्झचा आहे. तिथे हेच सेकंदाला १ कोटी ४० लाख वेळा होतं, म्हणजे २ लाख ८० हजार पट जास्त. इतक्या वेगात विजेला जमिनीपर्यंतची वाट लागतच नाही. पक्ष्याचं शरीर एखाद्या छोट्या टाकीसारखं दर फेरीला थोडंसं भरतं आणि रिकामं होतं, आणि ही ये-जा त्याच्या पायांतून होते. ५० हर्ट्झला ती इतकी नगण्य असते की पक्ष्याला पत्ताही लागत नाही. १४ मेगाहर्ट्झला मात्र ती जाणवण्याइतकी होऊ शकते. हा नेहमीसारखा झटका नसतो, कारण इतक्या वेगवान विजेला आपल्या नसा दाद देत नाहीत. जाणवतो तो चटका. बोलणं चालू असताना चुकून अँटेनाला बोट लागलं की त्यावर भाजल्याचा बारीक ठिपका उठतो, हे जुन्या हॅमना चांगलं ठाऊक असतं.

आता पक्षी बसलाय कुठे, हे महत्त्वाचं. १४ मेगाहर्ट्झसाठी ताणलेली डायपोल नावाची साधी तार सुमारे १० मीटर लांब असते. तिच्या मध्यभागी व्होल्टेज कमी असतं आणि टोकांना सर्वांत जास्त. साध्या १०० वॉटच्या सेटवरही टोकाशी काहीशे व्होल्ट सहज भरतात. म्हणजे मधे बसलेला कोतवाल खुशाल किडे टिपत राहील, टोकाशी बसलेल्याचे पाय पोळले तर तो उडून जाईल. अमेरिकेत हॅमना १५०० वॉटपर्यंत परवानगी आहे, तिथे टोकाची जागा आणखी गैरसोयीची. पण यात पक्षी मरून पडावा असं सहसा काही नसतं. शिवाय हॅम बोलतो कमी आणि ऐकतो जास्त. ऐकताना अँटेनावर असते ती व्होल्टच्या लाखाव्या हिश्श्यातली खुसफुस.

उलट पक्ष्यांचाच अँटेनाला त्रास जास्त. कावळ्याचं वजन असतं पाव किलोच्या आसपास. मोठ्या अँटेनाला त्याचं काही वाटत नाही, पण वरच्या बँडच्या छोट्या अँटेनावर तो बसला की मेळ बिघडतो आणि पाठवलेली थोडी शक्ती सेटकडे परत येते. हिवाळ्यात भोरड्यांचा थवा उतरला की ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या वाकतात. विष्ठेने जोड गंजतात, आणि पावसात ती ओली झाली की इन्सुलेटर गळका होतो. ऑस्ट्रेलियात तर २०१७ मध्ये काकाकुवांनी इंटरनेटच्या केबल कुरतडून दुरुस्तीचं ८० हजार डॉलरचं बिल वाढवलं होतं! आपले गावकावळे पावसाळ्याआधी घरट्यासाठी तारांचे तुकडेही गोळा करतात. घरटं अँटेनातच झालं असेल, तर पिल्लं उडेपर्यंत ते पाडू नका. एक हंगाम कमी गप्पा झाल्या तर बिघडत नाही.

लहरींनी पक्षी मरतात, असे मेसेज तुमच्याकडेही आले असतील. त्यातला गाजलेला किस्सा नेदरलँड्समधल्या हेग शहराचा. २०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका बागेत शेकडो स्टारलिंग (आपल्या साळुंकीचे नातेवाईक) मरून पडले आणि दोष ५जी चाचणीवर आला. प्रत्यक्षात त्या भागातली चाचणी जूनमध्येच उरकली होती. पक्षी मेले त्या दिवसांत तिथे चाचणी चालूच नव्हती.

म्हणून लहरींचा काहीच परिणाम होत नाही असंही नाही. जर्मनीतल्या ओल्डेनबर्गच्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की शहरातल्या विद्युत उपकरणांच्या गोंगाटात स्थलांतर करणाऱ्या युरोपियन रॉबिनचं चुंबकीय होकायंत्र बिघडतं. पिंजरे असलेल्या लाकडी खोल्यांना ॲल्युमिनियमचं आवरण घालून ते जमिनीला जोडल्यावर त्यांना पुन्हा दिशा कळू लागली. हा गोंगाट ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला होता. हॅमचे काही बँड याच पट्ट्यात येतात, पण प्रयोगात त्रास दिला तो एखाद्या अँटेनाने नाही, शहरभरच्या उपकरणांनी मिळून केलेल्या कलकलाटाने.

पक्ष्याचा जीव खरोखर जातो तो धडकून किंवा अडकून. अमेरिका आणि कॅनडात संदेशवहनाच्या टॉवरवर आणि त्यांच्या ताणाच्या तारांवर आदळून वर्षाला सुमारे ६८ लाख पक्षी मरतात, असा २०१२ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. यात बहुतांश रात्री प्रवास करणारे असतात. ढगाळ रात्री टॉवरच्या सतत जळणाऱ्या लाल दिव्यांभोवती ते घिरट्या घालत राहतात. दिवे उघडझाप करणारे केले की हे अपघात खूप कमी होतात. हॅमचा खांब त्यामानाने बुटका आणि बिनदिव्याचा असतो. पण पाणथळ जागेजवळ बारीक तार ताणली असेल, तर तिला ठळक रंगाचे तुकडे जरूर लावा.

आपल्याकडचा मोठा धोका संक्रांतीनंतर दिसतो, तो म्हणजे मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतोच. कटलेला पतंग अँटेनाच्या नळ्यांत अडकतो, कागद फाटून जातो आणि धागा महिनोन्महिने लोंबत राहतो. घार किंवा पारवा त्यात गुरफटतो आणि सुटायला धडपडला की पंख कापला जातो. काही जण पक्ष्यांना पळवायला अँटेनावर मासेमारीची नायलॉन दोरी ताणतात. तीही सैल होऊन लोंबली की मांजासारखाच फास होतो.

त्यामुळे संक्रांत झाली की सेट बंद करून एकदा अँटेना बघून घ्या. अडकलेला पक्षी दिसला तर धागा खालून ओढू नका, त्याने तो आणखी रुततो. उंचावर असेल तर स्वतः चढू नका, अग्निशमन दलाला किंवा गावातल्या पक्षीमित्रांना बोलवा. खाली आल्यावर त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, आणि फोटो काढायला ते खोकं पुन्हा पुन्हा उघडू नका.