विमा हा व्यापार नव्हे!

विम्याचा एजंट समोरून येताना दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण "तुमचा परवाना दाखवा पाहू," असं त्याला विचारणारा गृहस्थ काही माझ्या पाहण्यात नाही. विचारून उपयोगही नाही म्हणा! तो परवाना आनंदानं दाखवील आणि त्याच बॅगेतून पॉलिसीचा फॉर्मही बाहेर काढील.

माझा एक भाचा अमेरिकेत, न्यू जर्सीत विमा विकतो. तिकडे हा परवाना केंद्र सरकार देत नाही, ज्या त्या राज्याचं सरकार देतं. अभ्यास, परीक्षा, बोटांचे ठसे आणि फी असे सगळे सोपस्कार करून न्यू जर्सीचा परवाना घ्यायचा. पण नदीपलीकडच्या न्यू यॉर्कमध्ये पॉलिसी विकायची तर तिथला परवाना निराळा. परीक्षा सहसा पुन्हा द्यावी लागत नाही, पण अर्ज आणि फी चुकत नाही. म्हणजे पुण्याच्या एजंटानं इंदूरच्या मामाला पॉलिसी विकण्याआधी मध्य प्रदेश सरकारला अर्ज करावा, तशातली गत.

हे असं का, याचा शोध घेत मी थेट १८६६ सालच्या व्हर्जिनियात जाऊन पोचलो. बँकेच्या प्रवास-सवलतीत एवढा लांबचा पल्ला बसत नाही, पुस्तकात बसतो.

तिथं पीटर्सबर्ग नावाचं गाव आहे. यादवी युद्धात या गावानं नऊ महिने वेढा सोसला होता, त्यामुळे आगीच्या विम्याचं महत्त्व तिथल्या लोकांना फारसं पटवून द्यावं लागत नसणार. सॅम्युएल पॉल हा तिथला राहणारा. न्यू यॉर्कच्या काही आगविमा कंपन्यांनी त्याला एजंट नेमलं. पण त्याच वर्षी व्हर्जिनियानं कायदा केला होता, की परराज्यातल्या विमा कंपनीनं आधी परवाना घ्यावा आणि त्यासाठी भांडवलाच्या मानानं ३० ते ५० हजार डॉलरचे रोखे सरकारात ठेवावेत. यात तथ्य होतंच. घर जळणार पीटर्सबर्गला आणि कंपनी बसणार न्यू यॉर्कला! उद्या कंपनीनं हात वर केले, तर बिचाऱ्या घरमालकानं दार ठोठावायचं कुणाचं?

पॉलनं अर्ज केला. बाकीच्या अटी पाळायची त्याची तयारी होती. रोखे तेवढे कुणी ठेवले नाहीत, म्हणून परवानाही मिळाला नाही. तरी पठ्ठ्यानं पॉलिसी विकली! खटला झाला आणि दंड झाला ५० डॉलर. कुणाला? कंपन्यांना नव्हे, पॉलला. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही. व्याजाचे दर वरचे साहेब ठरवतात, बोलणी मात्र खिडकीतला खातो.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. पॉलतर्फे म्हणणं असं, की या राज्यातून त्या राज्यात विमा विकणं हा आंतरराज्य व्यापार आहे, तेव्हा राज्यांनी त्यात लुडबुड करू नये. १८६९ साली न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी निकाल दिला: विमा हा नुकसानभरपाईचा नुसता करार आहे, तो व्यापारच नव्हे!

आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. 'बँका, विमा, वाहतूक, गुदामं ही व्यापाराची अंगं होत,' हे वाक्य घोकून मी मार्क मिळवले. पेपर तपासायला फील्डसाहेब असते, तर मी अजून इंटरलाच असतो.

हा निकाल तब्बल ७५ वर्षं टिकला. मग आगविमा कंपन्यांच्या एका संघटनेवर केंद्र सरकारनं खटला भरला. संगनमतानं विम्याचे दर ठरवून मक्तेदारी केली, असा आरोप होता. बचाव काय, तर विमा हा व्यापारच नव्हे, मग व्यापाराचा कायदा आम्हाला लागेलच कसा? म्हणजे आजोबांच्या वेळी 'हा व्यापार आहे हो' म्हणून गळा काढायचा आणि नातवाच्या वेळी कानांवर हात ठेवायचे! १९४४ साली चार विरुद्ध तीन मतांनी कोर्टानं सांगितलं, की विमा हा व्यापारच आहे. माझी पदवी एका मतानं वाचली. पण राज्यांनी आरडाओरडा केला आणि १९४५ साली कायदा झाला, की व्यापार तर व्यापार, देखरेख मात्र राज्यांचीच राहील. माझा भाचा फी भरतो ती या तडजोडीपायी.

आपल्याकडे १९३८ च्या विमा कायद्यानं एजंटाला परवान्याची अट घातली, पण एकच परवाना देशभर चाले. २०१५ साली तोही गेला. एजंटाची नेमणूक कंपनीनंच करायची असं ठरलं आणि त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं: एजंटानं केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींना कंपनी जबाबदार, आणि दंड एक कोटी रुपयांपर्यंत.

पॉलचे ५० डॉलर काही परत मिळायचे नाहीत. पण दंडाची पावती कुणाच्या नावानं फाडायची, हे शहाणपण कायद्याला सुचायला दीडशे वर्षं लागली. खिडकीतल्या आम्हा लोकांच्या बाबतीत ते कधी सुचतं, याची मी निवृत्तीपर्यंत वाट पाहणार आहे.