चष्मा घालवण्याचा इतिहास

चष्मा घालवायच्या ऑपरेशनला आपण सरसकट ‘लेझर’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्यात पीआरके, लॅसिक आणि स्माइल अशा तीन मुख्य पद्धती आहेत, आणि ‘सगळ्यात नवी तीच चांगली’ असे धरून लोक निवड करतात. इतिहास मात्र काही वेगळे सांगतो.

सुरुवात लेझरच्याही आधीची आहे. बुबुळावर कॉर्निया नावाचा पारदर्शक पडदा असतो, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्याची वक्रता बदलली की नंबर बदलतो. १९३० च्या दशकाअखेर जपानमध्ये डॉ. सातो यांनी या पडद्याला आतल्या बाजूने चिरा दिल्या. नंबर उतरला, लोक खूष झाले. पण पडद्याच्या आतले पेशींचे अस्तरच त्याला स्वच्छ ठेवते, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. कित्येक वर्षांनी अनेकांचे कॉर्निया सुजून धूसर झाले.

पुढे १९७० च्या दशकात मॉस्कोच्या फ्योदोरोव यांनी चिरा बाहेरून दिल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. अमेरिकेत अशा रुग्णांची दहा वर्षे पाहणी झाली. १९९४ साली निष्कर्ष आला तो असा, की ४३ टक्के डोळ्यांचा नंबर एक किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकला होता!

आता लेझर. २६ नोव्हेंबर १९८१ ला अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची मेजवानी झाली. दुसऱ्या दिवशी रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे शास्त्रज्ञ उरलेले टर्कीचे मांस घेऊन आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेले आणि त्यावर त्यांनी एक्सायमर लेझर सोडला. आजूबाजूला न जळता नेमका हवा तेवढाच थर उडाला. हे डोळ्यासाठी वापरता येईल, हे न्यूयॉर्कच्या डॉ. ट्रोकेल यांनी ओळखले. १९८८ मध्ये डॉ. मार्गरीट मॅक्डोनल्ड यांनी पहिल्यांदा दिसत्या डोळ्यावर ते केले. त्या रुग्ण बाईंचा डोळा कर्करोगामुळे काढावाच लागणार होता, आणि त्या आपणहून पुढे आल्या. आज लाखो लोक चष्म्यावाचून फिरतात, त्यात त्या बाईंचाही वाटा आहे.

हेच पीआरके. वरची नाजूक त्वचा काढून थेट लेझर मारायचा. तीनचार दिवस डोळे झोंबतात, नजर स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. हा त्रास टाळण्यासाठी १९९० च्या सुमारास क्रीट बेटावर डॉ. पॅलिकारिस यांनी पडद्याची झापड उचलून आत लेझर मारायला सुरुवात केली, तीच लॅसिक. दुसऱ्याच दिवशी स्वच्छ दिसू लागले. पण झापड पूर्वीइतकी घट्ट कधीच जुळत नाही, जोराचा मार लागला तर वर्षांनंतरही सरकू शकते. शिवाय नसा कापल्या गेल्याने डोळे कोरडे पडतात. म्हणून मग जर्मनीत स्माइल आले. त्यात झापड नाही. आतल्या आत भिंगासारखी चकती कापून ती दोनचार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. अमेरिकेत त्याला २०१६ साली परवानगी मिळाली. मात्र नंबर पुन्हा आला तर तीच क्रिया सहसा परत करता येत नाही, दुसऱ्या पद्धतीकडे वळावे लागते.

म्हणजे बघा, प्रत्येक पद्धत आधीचीचा दोष काढते आणि आपला एक दोष घेऊन येते!

ही सनावळ मांडायला निमित्त झाले माझ्या नातीचे. तिचा नंबर उणे पाच. एका डॉक्टरांनी स्माइल सुचवले, दुसऱ्यांनी पीआरके. “आजोबा, जुनं कशाला करायचं?” असा तिचा रोकडा सवाल. तिचा कॉर्निया पातळ आहे, आणि पातळ पडद्यात पीआरकेने खालचा जास्त भाग शाबूत राहतो. हे आकडे तिने स्वतः डॉक्टरांपुढे बसून समजून घेतले, आणि कुरकुरत का होईना, आठवड्याची रजा टाकून पीआरके करून घेतले.

ज्यांच्या घरी असा विचार चालू असेल त्यांना एवढेच सांगेन. डॉक्टरांना ‘कोणते चांगले?’ असे विचारू नका. माझ्या पडद्याची जाडी किती, नंतर किती उरेल, डोळे आधीच कोरडे आहेत का, नंबर वर्षभर स्थिर आहे का, आणि बाकीच्या दोन पद्धती माझ्यासाठी का नकोत, हे विचारा. काहीही केले तरी चाळिशीचा वाचायचा चष्मा बहुतेकांना लागतोच, हेही लक्षात असू द्या.

सातोंच्या रुग्णांनाही पहिल्या वर्षी छानच दिसत होते. डोळ्याचा हिशेब वर्षांनंतर कळतो. त्या हिशेबात पीआरकेची पस्तीसहून अधिक वर्षे जमा आहेत. तिला जुनी म्हणण्यापेक्षा पारखलेली म्हणावे, असे मला वाटते.